गेम मध्येच बंद पडतो, तेव्हा दोष कुणाचा?

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना अर्धी राहिलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आज आपण एका अशा प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत, जो जुना गेमिंग कॉम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वैतागून विचारलेला असतो. सात-आठ वर्षं जुना पीसी. अर्धा तास गेम छान चालतो, मग स्क्रीन एकदम काळी. कधी निळा पडदा, कधी आवाज अडकून बसतो, कधी मशीन स्वतःच रीस्टार्ट होतं. आणि गंमत म्हणजे पुढचे दोन दिवस काहीच होत नाही!

मग सल्ले सुरू होतात. एक मित्र म्हणतो, "ग्राफिक्स कार्ड गेलं." दुसरा म्हणतो, "विंडोज परत टाक." दुकानदार म्हणतो, "रॅम बदलून बघू." भाऊ म्हणतो, "तो गेमच बकवास आहे." चार माणसं, चार निदानं, आणि पैसे मात्र आपले. चुकीचा पार्ट बदलला तर पाच-दहा हजार गेले आणि क्रॅश तसाच.

ही भांडणं आजची नाहीत. कॉम्प्युटर जेवढा जुना, जवळपास तेवढाच हा वाद जुना: चूक प्रोग्रामची की यंत्राची? गेल्या ८० वर्षांत मोठमोठ्या कंपन्या, विद्यापीठं, गेम बनवणारे लोक या प्रश्नात अडकले. काहींनी अब्जावधी रुपये घालवले. त्यातून जे शिकायला मिळालं, ते आपल्या टेबलाखालच्या धुळीने भरलेल्या डब्यालाही लागू पडतं.

बंद करू नका, बिघडेल!

सुरुवात करू १९४६ पासून. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात एनिअ‍ॅक नावाचं यंत्र जगासमोर आलं. त्यात १७ हजारांहून जास्त व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह म्हणजे आजोबांच्या जुन्या रेडिओत असायचे ना, ते तापून लाल होणारे काचेचे दिवे. रेडिओत पाच-सहा असायचे, इथे १७ हजार! लोकांना वाटलं होतं की हे यंत्र पाच मिनिटंही सलग चालणार नाही, कारण कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उडतच राहणार.

पण इंजिनिअर प्रेस्पर एकर्ट यांनी एक शहाणपणा केला. प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या ताकदीपेक्षा बराच कमी ताणावर चालवला. त्यामुळे पुढे सरासरी दोन दिवसांतून एखादा व्हॉल्व्ह जायचा. आणि एक गोष्ट लक्षात आली. बहुतेक व्हॉल्व्ह यंत्र चालू करताना किंवा बंद करताना जात होते. थंड वस्तू तापते, तापलेली थंड होते, धातू आणि काच फुगतात, आकसतात, आणि तिथेच तडा जातो. म्हणून मग यंत्र शक्यतो बंदच करायचं नाही, असं ठरलं.

हे लक्षात ठेवा. सतत तापलेलं असणं वाईट आहेच, पण तापणं-निवणं, तापणं-निवणं हे चक्रही तितकंच मारक असतं. साठ वर्षांनी हीच गोष्ट एका जगप्रसिद्ध गेमिंग यंत्राला भोवणार होती.

दुसरं यंत्र एमआयटीतलं, नाव व्हर्लविंड. १९५१ च्या सुमारास ते कामाला लागलं. विमानांवर नजर ठेवण्याच्या लष्करी यंत्रणेची पायाभरणी त्यावर झाली, त्यामुळे मध्येच बंद पडून चालणारच नव्हतं. तिथे जे फॉरेस्टर आणि त्यांच्या लोकांनी एक भारी युक्ती काढली. काम सुरू करण्याआधी ते मुद्दाम व्होल्टेज थोडं कमी-जास्त करायचे. तब्येतीने धडधाकट व्हॉल्व्ह त्यातही टिकायचा. जो आतून थकलेला असेल तो लगेच चुकायचा. मग तो काढून नवीन लावायचा, आणि मग खरं काम.

म्हणजे काय केलं? लपलेला आजार आपल्या सोयीच्या वेळी बाहेर काढला. डॉक्टर छातीचा आलेख काढताना ट्रेडमिलवर धावायला लावतात ना, अगदी तसंच. तुम्ही आज ज्याला स्ट्रेस टेस्ट म्हणता, तिचे हे पणजोबा.

नववा बिट गेला, आणि पीसी मुका झाला

पुढे व्हॉल्व्ह गेले, चिप आल्या. आता काही उडताना दिसेना. काच काळी पडत नाही, वास येत नाही. बिघाड अदृश्य झाला.

१९७८ मध्ये इंटेलमधल्या टिमोथी मे आणि मरी वुड्स या दोघांनी एक विचित्र गोष्ट जगाला सांगितली. मेमरी चिपमधले काही बिट आपोआप उलटत होते. ० चा १, १ चा ०. चिप तपासली तर ठणठणीत! शेवटी चोर सापडला तो चिपच्या बाहेरच्या आवरणात. त्या सिरॅमिकमध्ये युरेनियम आणि थोरियमचे अगदी सूक्ष्म अंश होते. त्यातून निघणारे अल्फा कण आत शिरून मेमरीतला विद्युतभार बिघडवत होते. म्हणजे प्रोग्राम बरोबर, सर्किट बरोबर, आणि तरीही उत्तर चूक.

यावर उपाय होता. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्या मेमरीत दर आठ बिटांमागे एक नववा बिट असायचा. त्याला पॅरिटी म्हणतात. हा नववा फक्त पहारेकरी. आठांतला एखादा उलटला की तो ओरडायचा आणि पीसी तिथेच थांबायचा. दुरुस्ती त्याला जमत नव्हती, पण निदान खोटं उत्तर घेऊन पुढे जायचा नाही.

मग नव्वदच्या दशकात स्वस्त पीसींची स्पर्धा लागली. नऊ बिटांऐवजी आठच घेतले तर मेमरी तेवढी स्वस्त पडते. १९९५ मध्ये इंटेलचा पेंटियमसाठीचा ४३०एफएक्स नावाचा चिपसेट आला आणि खूप चालला. त्यात पॅरिटीची सोयच नव्हती. सर्व्हरमध्ये चूक पकडून दुरुस्त करणारी मेमरी राहिली, घरगुती पीसीतून मात्र पहारेकरी गेला.

आपल्या गोष्टीतलं हे महत्त्वाचं वळण आहे. बँकेच्या सर्व्हरमध्ये मेमरी चुकली तर नोंद होते. तुमच्या गेमिंग पीसीत मेमरी चुकली तर कुणालाच कळत नाही. चुकीचा आकडा तसाच पुढे जातो, कुठेतरी दूरवर एखादा प्रोग्राम कोसळतो, आणि शिव्या त्या प्रोग्रामला बसतात.

आणि हे क्वचित होतं असं समजू नका. टोरंटो विद्यापीठातल्या बियांका श्रोडर यांनी गूगलच्या लोकांबरोबर गूगलच्या हजारो सर्व्हरचा अभ्यास २००९ मध्ये मांडला. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांमध्ये किमान एक तरी चूक सापडली. शिवाय वापर सुरू झाल्यावर १० ते १८ महिन्यांतच वयाचा परिणाम दिसू लागत होता.

उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न

पहारेकरी गेला, मग लोकांनी स्वतः तपासणी सुरू केली. १९९४ मध्ये ख्रिस ब्रेडी यांनी मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम लिहिला. पद्धत अगदी साधी. विंडोज वगैरे काही सुरू व्हायच्या आधीच हा चालू होतो, मेमरीच्या प्रत्येक घरात ठराविक नक्षी लिहितो, परत वाचतो, आणि तीच आहे का बघतो. उलटसुलट नक्ष्या, अनेक फेऱ्या. आजही मेमरी तपासायला त्याची भावंडंच वापरतात.

दुसरं हत्यार आलं ते चक्क गणितातून. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्याचा एक उपक्रम सुरू केला. जगभरातल्या लोकांनी आपापला कॉम्प्युटर त्यासाठी द्यायचा. प्रोग्रामचं नाव प्राईम९५. आता एवढ्या मोठ्या हिशोबात एक जरी बिट चुकला तर आठवड्यांची मेहनत वाया. म्हणून त्यात एक छळचाचणी घातली. प्रोसेसरला भयंकर गुणाकार करायला लावायचे, ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे, आणि ताडून बघायचं. मूळ संख्यांशी काडीचा संबंध नसलेल्या गेमर लोकांनी ही चाचणी उचलली, आणि पीसी टिकाऊ आहे का हे ठरवायची ती कसोटीच झाली.

बघा, व्हर्लविंडचीच कल्पना. मुद्दाम ताण द्या, आणि असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे.

शून्य होताना कोसळलेला प्रोसेसर

आता दुसऱ्या बाजूने बघू. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या बाजूने.

मायक्रोसॉफ्टमधले जुने प्रोग्रामर रेमंड चेन यांनी २००५ मध्ये एक किस्सा लिहिला होता. विंडोज कोसळलं की त्याचा अहवाल मायक्रोसॉफ्टकडे जायचा. त्यात काही अहवाल असे होते की वाचणारे चक्रावले. प्रोसेसर ज्या आज्ञेवर कोसळला होता, ती आज्ञा होती "हा आकडा शून्य कर." ही आज्ञा मेमरीला हातच लावत नाही. ती चुकणं शक्यच नाही! मग त्यांच्या एका सहकाऱ्याने त्या ग्राहकांशी संपर्क साधला आणि विचारलं, तुम्ही प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवताय का? म्हणजे ओव्हरक्लॉक केलाय का?

काही म्हणाले, हो. पण काहींना हा शब्दही माहीत नव्हता. खोलात गेल्यावर कळलं की त्यांनी छोट्या दुकानातून पीसी घेतला होता आणि दुकानदाराने न सांगता कमी वेगाचा प्रोसेसर जास्त वेगाने चालवून दिला होता. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून असेंबल्ड पीसी घेताना घरातली मोठी माणसं "सेटिंग एकदा बघून घे" असं का म्हणतात, ते यावरून समजेल. ही फसवणूक कुठल्या एका देशाची नाही.

असाच दुसरा किस्सा गेमच्या दुनियेतला. २००५ मध्ये गिल्ड वॉर्स हा ऑनलाईन गेम आला. बनवणारी कंपनी अरीनानेट. तिच्या संस्थापकांपैकी पॅट्रिक वायट यांनी पुढे याबद्दल सविस्तर लिहिलं. खेळाडूंच्या मशीनवरून असे काही क्रॅश येत होते ज्यांचा कोडमध्ये पत्ताच लागत नव्हता. ओळ न् ओळ तपासली, चूक मिळेना. तेव्हा दुसरे संस्थापक माईक ओब्रायन म्हणाले, समजा दोष आपला नसेलच तर?

पण असं म्हणणं सोपं आहे, प्रत्येक प्रोग्रामर हेच म्हणतो! ओब्रायन यांनी ते सिद्ध करायची सोय केली. त्यांनी गेमच्या आतच एक छोटी चाचणी बसवली. मेमरीचा एक तुकडा घ्यायचा, त्यात हिशोब करायचा आणि आधीच तयार असलेल्या उत्तरांशी ताडायचा. सेकंदाला ३० ते ५० वेळा, खेळ चालू असतानाच. धडधाकट मशीनवर ही चाचणी कधीच चुकायला नको. पण सुमारे १ टक्का कॉम्प्युटरवर ती चुकली! शंभरातला एक खेळाडू अशा मशीनवर खेळत होता ज्याला साधा हिशोबही भरवशाने येत नव्हता.

कारणं काय निघाली? ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर. मेमरीच्या वेळेचं चुकीचं सेटिंग. ताकद कमी पडणारा पॉवर सप्लाय. आणि कमजोर पंखे किंवा धुळीमुळे वाढलेली उष्णता. ही यादी वीस वर्षं जुनी आहे, पण आजही एखाद्या जुन्या पीसीची तक्रार आली तर संशयित हेच चार असतात. मग कंपनीने असं केलं की चाचणी चुकली की खेळाडूसमोर माहितीचं पान उघडायचं: तुमच्या मशीनमध्ये दोष दिसतोय, हे हे तपासा.

फुगलेले डबे

आता त्या चौघांच्या जोडीला एक पाचवा आरोपी आणू या. पीसी उघडला की बोर्डावर उभे छोटे गोल डबे दिसतात ना, ते कपॅसिटर. पाण्याच्या टाकीसारखं त्यांचं काम. वीज वर-खाली झाली तरी प्रोसेसरला एकसारखा दाब मिळाला पाहिजे.

२००० नंतरची काही वर्षं या डब्यांची साथ आली होती. साथच म्हणायची, कारण जगभर एकाच वेळी बोर्ड मरत होते. डब्याचं डोकं फुगायचं, फुटायचं, तपकिरी रस गळायचा. आतला द्रव सदोष होता. त्यात पाण्याचं प्रमाण जास्त, पण अॅल्युमिनियमला पाण्यापासून वाचवणारी योग्य रसायनं नव्हती. मग पाणी आणि धातूची प्रक्रिया होऊन हायड्रोजन तयार व्हायचा आणि डबा फुगायचा. या डब्यांच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारख्या किंवा तशाच खाचा असतात. त्या शोभेसाठी नाहीत, स्फोट होण्याआधी वायूला वाट मिळावी म्हणून आहेत. तैवानमध्ये जपानी द्रवाचं सूत्र चोरून अर्धवट नक्कल केली गेली, अशी बातमी २००२ मध्ये उद्योगाच्या मासिकांत आली होती.

या साथीत डेलसारखी मोठी कंपनीही सापडली. मे २००३ ते जुलै २००५ या काळात विकलेले १ कोटी १८ लाख कॉम्प्युटर धोक्याच्या यादीत होते, असं पुढे कोर्टातल्या कागदपत्रांवरून समोर आलं. दुरुस्तीसाठी कंपनीला ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. न्यूयॉर्क टाइम्सने २०१० मध्ये त्यातला एक किस्सा छापला. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले कॉम्प्युटर बंद पडत होते. तर कंपनीचं उत्तर होतं, तुम्ही मशीनवर फार अवघड गणितं करताय, म्हणून ती दमली! कॉम्प्युटर गणितं करून दमतो, हे गणिताच्या प्राध्यापकांना सांगितलं गेलं.

हसू येतं, पण यातली मेख ओळखा. निदान कोण करतंय, यावर निदान ठरतं. विकणाऱ्याला ग्राहकाची चूक दिसते, प्रोग्रामरला यंत्राची, दुकानदाराला जो पार्ट विकायचाय त्याची. म्हणूनच मताऐवजी चाचणी लागते.

लाल कडी, टॉवेल आणि ओव्हन

नोव्हेंबर २००५. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० बाजारात आणला, सोनीच्या प्लेस्टेशन ३ च्या वर्षभर आधी. थोड्याच काळात मशीन मरायला लागली. पुढच्या गोल दिव्याचे तीन भाग लाल व्हायचे. खेळाडूंनी त्याला मृत्यूची लाल कडी असंच नाव दिलं. जुलै २००७ मध्ये कंपनीने वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला ठेवली.

खेळाडूंनी घरगुती उपाय शोधले. मशीन टॉवेलमध्ये गुंडाळायचं, चालू ठेवायचं, चांगलं तापू द्यायचं. आणि काय आश्चर्य, ते काही दिवस चालायचं! २००८ मध्ये एनव्हिडियानेही कबूल केलं की लॅपटॉपच्या काही ग्राफिक्स चिपमध्ये आवरणाचं साहित्य कमकुवत निघालं, आणि १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. तेव्हा लोक ग्राफिक्स कार्ड काढून स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजायचे. तेही काही आठवडे चालायचं. (कृपा करून हे करू नका. ज्या ओव्हनमध्ये आईचा केक होतो त्यात सर्किट भाजू नये.)

तापवल्यावर चालतं, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की चिप आणि बोर्ड यांच्यामधलं सोल्डर सुटतंय. वर्षानुवर्षं हेच खरं मानलं गेलं. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या इतिहासावर माहितीपट काढला, त्यात त्यांच्याच माणसांनी सांगितलं की जोड तुटत होते ते चिपच्या पोटात, आवरणाच्या आत. आणि कारण? चालू-बंद, चालू-बंद. तापणं आणि निवणं. खेळाडू जितक्या वेळा मशीन चालू करायचा तितक्या वेळा तो बारीक जोड ताणला जायचा.

एनिअ‍ॅकच्या व्हॉल्व्हची आठवण झाली ना? साठ वर्षांनी तोच आजार, फक्त काचेऐवजी केसापेक्षा बारीक सोल्डरच्या थेंबात.

आणि टॉवेलने एक धडा दिला. उपाय चालला म्हणजे निदान बरोबर होतं, असं नाही. आपल्याकडे रॅम काढून खोडरबरने घासून परत लावायची पद्धत आहे. कधी खरंच जमलेला थर निघतो, कधी नुसतं काढून-लावल्याने संपर्क नीट बसतो. पण तीच तक्रार महिन्याभराने परत आली तर समजा, दुखणं वेगळंच आहे.

पहिला क्रॅश म्हणजे नोटीस

२०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे साडेनऊ लाख घरगुती पीसींचे क्रॅश अहवाल तपासले. यंत्राच्या दोषामुळे झालेलेच क्रॅश वेगळे काढले. आकडे बघा. ज्या मशीनचा प्रोसेसर एकूण ३० दिवस भरेल इतका चालला, त्याला प्रोसेसरच्या दोषाने पहिला क्रॅश होण्याची शक्यता १९० मध्ये १. पण एकदा झाला, की दुसऱ्याची शक्यता साधारण ३ मध्ये १! काही प्रकारांत धोका शंभरपटीपर्यंत वाढलेला दिसला.

म्हणजे "एकदाच झालं, जाऊ दे" हे यंत्राच्या बाबतीत चालत नाही. आणखी काही गोष्टी कळल्या. ओव्हरक्लॉक केलेली मशीन जास्त कोसळत होती, हे अपेक्षितच. पण ठरलेल्या वेगापेक्षा किंचित हळू चालणारी मशीन त्याहून भरवशाची निघाली. लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा बरे निघाले. एकर्ट यांनी एनिअ‍ॅकमध्ये केलं होतं तेच: ताकदीपेक्षा थोडं कमी काम द्या, यंत्र जास्त जगतं.

ताजा खटला: भलत्यालाच अटक

आता अगदी अलीकडचं. २०२४ च्या सुरुवातीला टेकन ८ सारखे नवे गेम काही जणांच्या पीसीवर कोसळू लागले. पडद्यावर संदेश यायचा, व्हिडिओ मेमरी संपली. साहजिकच सगळ्यांनी ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवलं. ज्यांच्या कार्डात भरपूर मेमरी होती त्यांनाही तोच संदेश. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्ड बदलली, काही फरक नाही.

मग एक धागा मिळाला. गेम सुरू होताना दाबून ठेवलेल्या फाईल उलगडल्या जातात, आणि उलगडल्यावर त्या बरोबर आहेत का हे ताडलं जातं. तिथेच चूक येत होती. हे काम ग्राफिक्स कार्ड करत नाही, प्रोसेसर करतो. पुन्हा तेच बघा, ज्याचं उत्तर ताडता येतं असा हिशोब केला, आणि खरा आरोपी सापडला.

आरोपी होते इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की चिपच्या आतल्या चुकीच्या सूचनांमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. पुढे सांगितलं की जास्त व्होल्टेज आणि उष्णतेमुळे आतलं घड्याळाचं सर्किट वेळेआधी म्हातारं होत होतं. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली, बायोससाठी सुधारणा दिल्या. पण त्या सुधारणेने पुढचं नुकसान थांबतं. झिजलेली चिप परत तरुण होत नाही.

मग आपल्या जुन्या पीसीचं काय?

या सगळ्या इतिहासातून एक क्रम तयार होतो. पैसे खर्च करायच्या आधी तो पाळून बघा.

पहिलं, नोंद ठेवा. मोबाईलमध्ये लिहा, किती वाजता, कुठला गेम, चालू केल्यावर किती वेळाने, पडदा निळा की काळा. दर वेळी निळ्या पडद्यावर एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर संशय आधी ड्रायव्हरवर. दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर मेमरी किंवा एकूण यंत्रावर. रंगीत चौकोन, रेघा दिसल्या तर ग्राफिक्स कार्डावर. काहीही न सांगता एकदम अंधार आणि रीस्टार्ट झाला तर पॉवर सप्लायवर. विंडोजच्या नोंदवहीत "कर्नल-पॉवर ४१" दिसलं की लोक लगेच पॉवर सप्लाय आणायला धावतात. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद झालं नाही. का, ते त्यात नसतं. त्याच वहीत हार्डवेअर एरर म्हणून वेगळी नोंद सापडली, तर तिला जास्त किंमत द्या.

दुसरं, फुकटातले उपाय आधी. धूळ काढा. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे असते, तिथे पीसीच्या आत काय होत असेल! प्रोसेसरवरची पेस्ट सात-आठ वर्षांत वाळलेली असते, ती दोन-तीनशे रुपयांत बदलते. ओव्हरक्लॉक काढून टाका, रॅमचा वाढवलेला वेगही काढा. जुन्या मशीनला थोडं हळू चालू द्या. उघडलंच आहे तर बोर्डावरचे डबे बघा, डोकं सपाट आहे की फुगलंय. पॉवर सप्लाय मात्र स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही त्यात घातक वीज साठलेली असते.

तिसरं, मुद्दाम ताण द्या. रात्रभर मेमरीची चाचणी चालू द्या, तिथे एक चूकही मान्य नाही. मग प्रोसेसरला एकट्याला ताण, मग ग्राफिक्स कार्डाला एकट्याला, तापमान बघत बघत. दोघं वेगवेगळे पास आणि एकत्र ताण दिला की अंधार, तर वीज कमी पडतेय.

चौथं, एका वेळी एकच बदल. दोन रॅम असतील तर एकच लावून खेळा, मग दुसरी. मित्राचा पॉवर सप्लाय एक दिवस आणून लावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि क्रॅश थांबला, तर कशामुळे थांबला हे कधीच कळणार नाही, आणि दोन पार्ट उगाच घेतलेले असतील.

यातलं काहीही नवीन नाही. मुद्दाम ताण द्यायला व्हर्लविंडने शिकवलं, उत्तर ताडायला गिल्ड वॉर्सने, आणि संदेशावर आंधळा विश्वास ठेवू नका हे २०२४ ने. आपला पीसी "अचानक" बंद पडतो असं आपण म्हणतो, पण त्या प्रत्येक क्रॅशला कारण होतं. ते शोधायला महागडी उपकरणं लागली नाहीत. नीट विचारलेला प्रश्न लागला, आणि उत्तर येईपर्यंत थांबायची तयारी लागली.

तेव्हा पुढच्या वेळी स्क्रीन काळी झाली की कार्ड ऑर्डर करायच्या आधी एक रात्र चाचणीला द्या. कदाचित पाच हजारांचा रोग दोनशे रुपयांच्या पेस्टवर बरा होईल. आणि खरंच पार्ट गेला असेल, तरी कुठला गेला हे तुम्ही दुकानदाराला सांगाल. ते तुम्हाला त्याच्याकडून ऐकावं लागणार नाही.

आजच्यासाठी एवढंच. पीसीवरची धूळ झटका, आणि पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!